आरे: सरकारी गोठ्यांची वसाहत आणि तिची जमीन

गोरेगाव आणि पवई यांच्यामध्ये पसरलेली आरे दुग्धवसाहत हा मुंबई उपनगरातला सरकारी मालकीचा आणि सरकारी व्यवस्थापनाखालचा सर्वांत मोठा पशुपालन प्रकल्प होता. सुमारे १,२८० हेक्टर, म्हणजे ३,१६० एकरांच्या आसपास जमीन, ३२ गोठे, जवळपास १६,००० म्हशी, त्यांच्यासाठी वैरणीची शेते, स्वतःची दुग्धशाळा, रस्ते, विश्रामगृहे, कर्मचाऱ्यांच्या चाळी आणि या सगळ्यावर देखरेख करणारे एक कार्यालय असा हा कारभार १९४९ साली उभा राहू लागला. आज या जमिनीची चर्चा होते ती मेट्रो, बिबटे आणि वृक्षतोड यांच्या निमित्ताने. पण इथे इतकी जमीन मोकळी आणि हिरवी का राहिली, याचे उत्तर दुधाच्या इतिहासात सापडते.

ज्या साष्टी बेटावर आरे आहे, त्याने बरेच मालक पाहिले. १५३४च्या वसईच्या तहाने ते पोर्तुगीजांकडे गेले, १७३७मध्ये मराठ्यांनी जिंकले आणि १७७४च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला पडल्यावर इंग्रजांच्या हाती आले. १७८२च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांचा ताबा कायम झाला. ओसाड पडलेली भातजमीन पुन्हा लागवडीखाली आणण्यासाठी कंपनी सरकारने गावेच्या गावे कायमच्या पट्ट्याने देऊन टाकली. शेजारच्या पवईची जहागीर १७९९ साली डॉ. हेलेनस स्कॉट यांना मिळाली आणि पुढे फ्रामजी कावसजी बनाजी यांच्याकडे गेली. फ्रामजींनी तिथे ऊस, नीळ आणि तुतीची लागवड करून पाहिली, आंब्याच्या बागा लावल्या, आणि १८३८मध्ये व्हिक्टोरिया राणीला मुंबईचे आंबे धाडले. साष्टीतल्या या खोतांचा आणि जमीनदारांचा महसुली विशेषाधिकार स्वातंत्र्यानंतर, १९५१च्या कायद्याने संपला. आरे वसाहत ही त्याच काळातली. खासगी जहागिरीचे युग मावळत होते आणि सरकार स्वतः शेतमालकाच्या भूमिकेत उतरत होते.

युरोपातही राज्यसत्तेने स्वतः शेती चालवल्याची उदाहरणे भरपूर आहेत. जर्मनीतल्या अनेक संस्थानांत राजाच्या खासगी जमिनीवर एक अंमलदार बसवलेला असे. गोठे, कोठारे, राहते घर आणि महसुलाची कचेरी एकाच आवारात असत. त्यांतली कित्येक आवारे आज संरक्षित वास्तू म्हणून जपली जातात. आरेचे स्वरूप त्यांच्याशी मिळतेजुळते असले, तरी आरे उभे राहिले ते राजाच्या तिजोरीसाठी नव्हे. ते शहरातल्या लहान मुलांच्या दुधासाठी उभे राहिले, आणि हा फरक फार मोठा आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईचे दूध मुंबईतच निघत असे. गिरगाव, माझगाव, परळपासून उपनगरांपर्यंत दाट वस्तीत तबेले होते. एकेका तबेल्यात शेकडो म्हशी दाटीवाटीने बांधलेल्या, शेण आणि मूत वाहून नेण्याची सोय तुटपुंजी, आणि आजूबाजूला माणसांची खुराडी. महापालिकेचे रसायन विश्लेषक लेम्युएल लुकस जोशी यांनी १९१६ साली भारतीय शहरांतल्या दूधप्रश्नावर मुंबईला केंद्रस्थानी ठेवून एक सबंध पुस्तक लिहिले. भेसळ, अस्वच्छता आणि महागाई ही त्या काळापासूनची दुखणी होती. भैय्याच्या हंड्यातल्या दुधात पाणी किती, हा घरोघरचा रोजचा वाद होता.

त्याहून क्रूर गोष्ट म्हशींच्या वाट्याला येई. गुजरात, पंजाब, हरियाणाच्या मुलखातून दुभत्या, उत्तम जातीच्या म्हशी रेल्वेने मुंबईत आणल्या जात. म्हैस आटली की पुढच्या वेतापर्यंत तिला कित्येक महिने नुसते पोसावे लागते. शहरात जागेचे भाडे आणि विकतची वैरण यांच्या हिशेबात ते परवडत नसे. त्यामुळे तरणी, पुढे चार-पाच वेते देऊ शकणारी भाकड म्हैस थेट वांद्र्याच्या कत्तलखान्यात जाई आणि तिच्या जागी नवी विकत घेतली जाई. रेडकांना तर दूधच मिळत नसे. पाजले तर विकायला काय उरणार, असा सरळ व्यवहार होता. देशातल्या चांगल्या म्हशींचा वंश मुंबईच्या गोठ्यांत असा खर्ची पडत होता आणि पशुसंवर्धनाच्या जाणकारांना ही चिंता वर्षानुवर्षे सतावत होती.

दुसऱ्या महायुद्धाने प्रश्न ऐरणीवर आणला. शहराची लोकसंख्या फुगली, वैरण आणि पेंड महागली, दुधाचे भाव सामान्यांच्या हाताबाहेर गेले. १९४५च्या सुमारास सरकारने 'बॉम्बे मिल्क स्कीम' सुरू केली. या योजनेखाली चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या आणंदहून रेल्वेने दूध आणण्याचे ठरले आणि गोळा करण्याचे काम पोल्सन कंपनीला मिळाले. खेडा जिल्ह्यातले शेतकरी त्याविरुद्ध उभे राहिले, १९४६च्या डिसेंबरमध्ये त्यांनी सहकारी संघ नोंदवला आणि १९४८पासून तो संघच मुंबईला दूध पाठवू लागला. पुढे 'अमूल' म्हणून जगाला माहीत झालेल्या चळवळीचे पहिले मोठे गिऱ्हाईक मुंबईची हीच सरकारी योजना होती.

या योजनेमागचा कर्ता माणूस म्हणजे दारा नसरवानजी खुरोडी. १९०६ साली महू येथे जन्मलेले खुरोडी दुग्धव्यवसायाचे शिक्षण घेतलेले तंत्रज्ञ होते आणि मुंबई सरकारचे दूध आयुक्त झाले. त्यांच्यासमोर दोन वेगळी कोडी होती. पहिले असे की दूध कमी आणि पिणारे जास्त. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के असतो. त्यात पाणी आणि मलई काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून स्निग्धांश तीन टक्क्यांवर आणला, तर दुधातली प्रथिने टिकतात, दूध वाढते आणि भावही उतरतो. हेच 'टोन्ड' दूध. भारतातल्या कोट्यवधी घरांत आज रोज येणाऱ्या पिशवीचा हा मूळ प्रयोग मुंबईत झाला आणि त्याचे श्रेय खुरोडींना दिले जाते. दूधवाला चोरून करायचा ते मिश्रण सरकारने उघडपणे, मोजून-मापून, निर्जंतुक करून आणि स्वस्तात विकले, अशी टीका तेव्हा झाली असेल तर नवल नाही. पण गरीब घरातल्या मुलाच्या पेल्यात त्यामुळे दूध पडले, ही गोष्ट टीकेहून मोठी ठरते.

दुसरे कोडे तबेल्यांचे. ते बंद करायचे तर दूध आटणार, ठेवायचे तर शहर सडणार. खुरोडींनी आणि सरकारने तिसरा रस्ता काढला. म्हशी गवळ्यांच्याच राहतील, पण त्या शहराबाहेर सरकारी जमिनीवर, सरकारने बांधलेल्या गोठ्यात राहतील. त्यासाठी निवडलेली आरेची जागा तेव्हा खरोखरच शहराबाहेर होती. मुंबई महापालिकेची हद्द १९५०मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत पोचली आणि गोरेगाव, बोरिवली, मुलुंडसह दहिसरपर्यंतचा भाग १९५७ साली शहरात आला. गोरेगाव स्टेशनाच्या पूर्वेला तोवर भाताची खाचरे, ताडाची झाडे, टेकड्या आणि पलीकडे विहार तलावाचे रान होते.

४ मार्च १९५१ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते वसाहतीचे औपचारिक उद्घाटन झाले आणि त्यांनी एक रोपही लावले. गोठे त्याआधीच भरू लागले होते. प्रत्येक गोठ्याला 'युनिट' म्हणत आणि त्याला क्रमांक असे. आजही आरेतले पत्ते युनिट क्रमांकाने सांगितले जातात. एका युनिटात सुमारे ५०० म्हशी, मधे मोकळे आवार, म्हशींना डुंबायला हौद, गवळ्यांच्या आणि नोकरांच्या खोल्या. प्रत्येक म्हशीमागे मालकाला परवाना घ्यावा लागे, जागेचे भाडे भरावे लागे, आणि ठरलेल्या भावाने दूध सरकारी दुग्धशाळेत घालावे लागे. पशुवैद्य, पाणी, वीज, रस्ते सरकारचे. धार काढण्याचे काम मध्यरात्रीनंतर आणि दुपारी असे दोनदा चाले. गोठे धुतलेले शेणपाणी उतारावरून पाटांनी खाली सोडत आणि त्यावर पॅरा गवत वाढवत. हे गवत पाणथळ जागेत जोमाने वाढते आणि वरचेवर कापता येते. गोठ्याची घाण वैरणीत आणि वैरण दुधात बदलण्याची ही साखळी होती. आरेच्या सखल भागात आजही हिरवेगार पॅरा गवत दिसते, ते त्याच व्यवस्थेचे अवशेष.

खासगी मालकी आणि सरकारी व्यवस्था यांची ही सांगड त्या काळी नवी होती. सगळे राष्ट्रीयीकरण नाही, सगळे बाजारावर सोपवणेही नाही. तिच्यात तणाव मात्र पहिल्यापासून होता. सरकारला दूध स्वस्त हवे, मालकाला भाव हवा, आणि पेंडीची किंमत दोघांच्याही हातात नाही. भाकड म्हशींचा प्रश्नही पुरता सुटला नाही. चांगल्या जनावरांना कत्तलीपासून वाचवून पुढच्या वेतापर्यंत पोसण्याचे प्रयत्न झाले, पण मुंबईच्या गोठ्याचे अर्थशास्त्र आरेतही फारसे बदलले नाही. शहरातले सगळे तबेलेही आरेत मावले नाहीत. जोगेश्वरी, गोरेगाव, अंधेरीच्या वस्त्यांत ते राहिलेच, आणि पुढे डहाणूजवळ दापचरी येथे दुसरा मोठा दुग्धप्रकल्प उभारावा लागला.

तरीही शहराला जे मिळाले ते कमी नव्हते. पहाटे नाक्यानाक्यावरच्या लाकडी दूध केंद्रासमोर कार्ड आणि रिकाम्या बाटल्या घेऊन लागलेल्या रांगा मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांना आठवतात. काचेच्या बाटलीवर अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे रंगीत झाकण असे. रिकामी बाटली परत केली की भरलेली मिळे. केंद्रावर सकाळचे दोन-तीन तास काम करून अनेक विद्यार्थ्यांनी आणि गृहिणींनी घराला हातभार लावला. 'आरे' हे गावाचे नाव दुधाचे नाव झाले. वरळीला आणि नंतर कुर्ल्याला मोठ्या दुग्धशाळा निघाल्या, त्यांचेही दूध लोकांच्या तोंडी 'आरेचे'च राहिले. रेल्वे फलाटावरच्या 'आरे सरिता'च्या टपऱ्या आणि 'एनर्जी' या सुगंधी दुधाच्या बाटल्या हा त्याच संस्थेचा विस्तार. १९६३ साली खुरोडी आणि खेड्याच्या सहकारी संघाचे त्रिभुवनदास पटेल व वर्गीस कुरियन या तिघांना मिळून रॅमन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. पुढच्या वर्षी खुरोडींना पद्मभूषण मिळाले. कुरियन यांचे नाव घराघरात पोचले, खुरोडींचे नाव मात्र मुंबईही विसरली. टोन्ड दूध आणि आरे या दोन गोष्टींसाठी तरी या शहराने त्यांची आठवण ठेवायला हवी होती.

वसाहत केवळ गोठ्यांची नव्हती. देशी-परदेशी पाहुण्यांना नव्या भारताचा नमुना म्हणून ती दाखवली जाई. टेकडीवरचे निरीक्षण सज्जे, छोटा काश्मीरची बाग आणि तलाव, दुतर्फा झाडी लावलेले वळणदार रस्ते हे त्याच हेतूने झाले. कोलंबो योजनेतल्या न्यूझीलंडच्या मदतीची खूण न्यूझीलंड हॉस्टेलच्या नावात राहिली आहे. दुग्धव्यवसायाचे शिक्षण घ्यायला राज्याबाहेरून विद्यार्थी येत. रविवारी अंधेरी-मालाडची कुटुंबे डबे घेऊन सहलीला येत आणि सिनेमावाल्यांना मुंबईच्या पोटातच जंगल, घाट आणि तळे सापडले.

या सगळ्या वर्णनात एक वस्ती नेहमी गाळली जाते. वसाहत उभी राहिली तेव्हा ही जमीन रिकामी नव्हती. वारली, मल्हार कोळी, कोकणा, काटकरी कुटुंबे इथल्या पाड्यांवर पिढ्यान्पिढ्या राहत होती. जीवाचा पाडा, खांबाचा पाडा, हबाले पाडा, नवशाचा पाडा, चाफ्याचा पाडा, केल्टी पाडा, प्रजापूर पाडा, असे २७ पाडे आरेत मोजले जातात. पावसाळ्यात भात आणि नाचणी, परसात भाज्या, रानातले कंद आणि भाज्या, ओढ्यातले खेकडे, आणि वर्षभर वाघोबाची पूजा हे त्यांचे जगणे. सरकारी प्रकल्प आला तेव्हा पाडे उठवले नाहीत, पण जमिनीवरचा त्यांचा हक्कही नोंदला नाही. दुग्धव्यवसाय विभागाच्या कागदात ते सरकारी जमिनीवरचे रहिवासी ठरले. वीज, पाणी, शौचालय यांसाठीही विभागाची परवानगी लागू लागली. ज्यांची वहिवाट प्रकल्पाच्या आधीची, त्यांनाच अतिक्रमण करणारे म्हणण्याची वेळ नंतर कित्येकदा आली. आरेच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

दुधासाठी राखलेली जमीन हळूहळू दुसऱ्या कामांना जाऊ लागली. १९७७ साली चित्रनगरी झाली. तिला २००१मध्ये दादासाहेब फाळके यांचे नाव मिळाले. राज्य राखीव पोलीस दल, पशुवैद्यक महाविद्यालय, 'फोर्स वन' या पोलीस कमांडो दलाचे प्रशिक्षण केंद्र अशा संस्थांना तुकडे मिळत गेले. झोपडपट्ट्याही वाढल्या. प्रत्येक वेळी कारण सार्वजनिक हिताचेच होते आणि प्रत्येक तुकडा एकूण क्षेत्राच्या मानाने लहान होता. जमीन अशीच संपते.

इकडे दुधाचा व्यवहार उलटा फिरला. १९९०नंतर दुग्धक्षेत्र खासगी उद्योगाला खुले झाले, सहकारी संघांच्या पिशव्या दारात पोचू लागल्या आणि सरकारी योजनेचा भाव, वाहतूक आणि पगार यांचा ताळेबंद तुटत गेला. मालकांना सरकारी दरापेक्षा बाहेर ताज्या दुधाचा भाव कितीतरी जास्त मिळे. बाटल्या गेल्या, केंद्रे ओस पडली, बरीचशी चहा-वडापावची दुकाने झाली. दुग्धशाळा थंडावल्या. म्हशी मात्र राहिल्या. आजही आरेत गोठे आहेत आणि पहाटे तिथून ताजे दूध उपनगरांत जाते.

दुधाचे काम आटले, पण त्याच्या नियमांनी सत्तर वर्षे बांधकामाला रोखून धरलेली जमीन उरली. पश्चिम द्रुतगती मार्गाच्या एका बाजूला मनोरे उभे राहिले आणि दुसऱ्या बाजूला गवत, आंबा, साग, ताड, शिरीष आणि पावसाळी ओढे राहिले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असल्यामुळे बिबटे इथे ये-जा करतात, वावरतात, पिल्लेही वाढवतात. २०१० साली इथे सापडलेल्या विंचवाच्या एका नव्या जातीला आरेचेच नाव देण्यात आले. विहारच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी आरेच्या कडेने जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठीच्या काठावर मोकळ्या जमिनीची किंमत काय असते ते शहराला कळले.

मेट्रो ३ च्या कारशेडचा वाद या पार्श्वभूमीवर पेटला. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या साडेतेहतीस किलोमीटरच्या भुयारी मार्गासाठी आरेत सुमारे ३० हेक्टर जागा मुक्रर झाली. २०१४पासून नागरिकांचा विरोध वाढत गेला. प्रश्नाचे मूळ कागदात होते. महसुली दप्तरात आरे ही दुग्धव्यवसाय विभागाची जमीन, वन नव्हे. डोळ्यांना जंगल दिसत होते, दप्तरात गोठा होता. आरेला वन जाहीर करावे ही मागणी मुंबई उच्च न्यायालयाने २०१८मध्ये आणि पुन्हा ४ ऑक्टोबर २०१९ रोजी फेटाळली. त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली आणि दोन हजारांहून अधिक झाडे पडली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबवली. २०२०मध्ये कारशेड कांजूरमार्गला हलवण्याचा निर्णय झाला, तिथल्या जमिनीच्या मालकीचा वाद न्यायालयात अडकला आणि २०२२च्या जुलैमध्ये नव्या सरकारने कारशेड पुन्हा आरेत आणली. परवानगीपेक्षा जास्त झाडे तोडण्याची मागणी केल्याबद्दल २०२३च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेट्रो महामंडळाला दहा लाख रुपये भरायला लावले, तरी प्रकल्पाला अडवले नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा सुरू झाला.

या संघर्षाने एक टिकाऊ गोष्ट पदरात टाकली. आरेतील ८१२ एकर, म्हणजे सुमारे ३२९ हेक्टर जमीन राखीव वन म्हणून वन विभागाकडे देण्यात आली. २०१६च्या अधिसूचनेने राष्ट्रीय उद्यानाभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आखले, त्यातही आरेचा मोठा भाग येतो. कारशेडची जागा मात्र त्यातून वगळलेली होती. राखीव वनामुळे पाड्यांपुढे नवा प्रश्न उभा राहिला. पूर्वी दुग्धव्यवसाय विभागाच्या परवानगीसाठी खेटे घालणाऱ्यांना आता वन विभागाच्याही नियमांना सामोरे जावे लागणार. २००६चा वनहक्क कायदा वनजमिनीवरच्या वहिवाटीला मान्यता देतो. तेव्हा आरेतल्या काही जमिनीला वन म्हटल्यावर तिथल्या आदिवासींचे दावे त्याच कायद्याने निकाली काढणे ही सरकारची पुढची जबाबदारी ठरते.

राखीव वनाबाहेरची जमीन अजून बरीच आहे. तिथे गोठे, पाडे, वैरणीची शेते, संस्था, रस्ते आणि बागा एकमेकांत मिसळलेल्या आहेत. वसाहतीचे मूळ नकाशे, परवान्यांची दप्तरे, गोठ्यांचे आराखडे आणि खुरोडींच्या काळातले अहवाल हा स्वतंत्र भारताच्या पहिल्या मोठ्या शहरी अन्नयोजनेचा पुरावा आहे. तो एका जागी आणून अभ्यासकांना खुला करावा, एखादे युनिट मूळ स्वरूपात जपावे, आणि पाड्यांच्या सीमा नकाशावर आखून घ्याव्यात. ही तिन्ही कामे पूर्ण होईपर्यंत या जमिनीचा आणखी एकही तुकडा कोणालाही देऊ नये.